सानुग्रह: भोपाळचं शिल्प आणि सरकारी मदत

३ डिसेंबर ही तारीख आपल्या गोव्यातल्या सरकारी नोकरांच्या डायरीत लाल शाईची. जुन्या गोव्याला सायबाचं फेस्त, कचेऱ्या बंद. भोपाळमध्येही त्या दिवशी सरकारी कचेऱ्या बंद असतात, पण त्या सुट्टीचं कारण फार वेगळं आहे. १९८४ साली २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा वायू सुटला आणि झोपेत असलेल्या शहरावर पसरला. त्याच्या स्मरणार्थ भोपाळपुरती ही स्थानिक सुट्टी.

त्या दिवशी भोपाळात दोन ठिकाणी माणसं जमतात. सरकारची सर्वधर्म प्रार्थना सभा बरकतउल्ला भवनात, म्हणजे तिथल्या सेंट्रल लायब्ररीत भरते. मंत्री येतात, वेगवेगळ्या धर्मग्रंथांतले उतारे वाचले जातात, मौन पाळलं जातं. वायुपीडितांच्या संघटना मात्र कारखान्याच्या बाजूला जमतात. मोर्चा निघतो, घोषणा होतात, कंपनीचे आणि तिच्या मालकांचे पुतळे जाळले जातात. कारखान्याच्या भिंतीवर अँडरसनला फाशी द्या अशा अर्थाच्या घोषणा वर्षानुवर्षं रंगवलेल्या होत्या. वॉरन अँडरसन २०१४ साली अमेरिकेत, एकदाही भारतातल्या कोर्टासमोर उभा न राहता, म्हातारपणानं वारला.

मला लिहायचंय ते या दोन ठिकाणांमधल्या अंतराबद्दल. सरकारनं भोपाळमध्ये मदत केली नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. इस्पितळं बांधली, घरं बांधली, पैसे वाटले, त्यासाठी एक अख्खं खातं काढलं. तरी त्या मदतीचं चित्र म्हणा, शिल्प म्हणा, शहरात उभं नाही. आणि जे एक शिल्प रस्त्यावर उभं आहे, त्यात सरकार कुठेच नाही. असं का झालं असावं?

हा प्रश्न डोक्यात येण्याचं कारण दूरचं आहे. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं स्मारक आहे, १९९७ साली खुलं झालेलं. लॉरेन्स हॅलप्रिन या वास्तुरचनाकारानं ते आखलं. १९३०च्या महामंदीत रूझवेल्टनी बेकारांसाठी, शेतकऱ्यांसाठी, म्हाताऱ्यांसाठी ज्या सरकारी योजना काढल्या, त्यांपैकी ५४ योजना तिथे रॉबर्ट ग्रॅहॅम या शिल्पकारानं ब्राँझच्या उठावचित्रांत कोरल्या आहेत. इंग्रजीत उठावशिल्पाला आणि सरकारी मदतीला एकच शब्द आहे, रिलीफ. तिथे तो दोन्ही अर्थांनी लागू पडतो. योजनांचं शिल्प! आपल्याकडे कुणी ‘दयानंद सामाजिक सुरक्षा योजने’चं ब्राँझ करायचं म्हटलं तर पहिल्यांदा हसूच येईल. आणि मग जरा विचार केला तर वाटेल, का नाही? पणजीच्या बँकांसमोर महिन्याच्या सुरुवातीला बसलेल्या म्हाताऱ्या बायका, हातात पासबुक, पिशवीत हयातीचा दाखला. शिल्पकाराला आणखी काय हवं?

त्याच स्मारकात जॉर्ज सेगलचं एक शिल्प आहे. पाच माणसं पावासाठी रांगेत उभी आहेत. कोट, टोप्या, खाली गेलेल्या माना. तिथे जाणारे पर्यटक त्या रांगेत स्वतः उभे राहून फोटो काढतात म्हणे. ५४ योजनांपेक्षा लोकांच्या ध्यानात राहते ती ही रांग. मदत मिळाल्यानंतरचं नव्हे, मिळण्याआधीचं चित्र. हे मनात ठेवा, पुढे लागेल.

आपल्याकडे मदतीचं चित्र काढण्याची रीत नव्हती. आपल्याकडे मदतीचीच इमारत व्हायची. लखनौचा बडा इमामबाडा हे सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. १७८४च्या दुष्काळात नवाब आसफउद्दौलानं लोकांच्या हाताला काम म्हणून तो बांधायला काढला. दिवसा बांधलेलं रात्री पाडायचे, म्हणजे काम पुरेल, आणि रात्रीच्या अंधारात खानदानी लोकांनाही तोंड लपवून मजुरी करता येईल, अशी दंतकथा गाईड आजही सांगतात. खरी असो वा नसो, मदत घेताना माणसाला लाज वाटते एवढं त्या दंतकथेला कळलेलं आहे. महाराष्ट्रात नीरेच्या डाव्या कालव्याचं काम १८७६च्या दुष्काळात सुरू झालं. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसांनी खडी फोडली, रस्ते केले, पाझर तलाव खणले, आणि त्यातून पुढे रोजगार हमीचा कायदा आला. त्या रस्त्यांवरून आपण बसनं जातो तेव्हा तिथे कुठेही पाटी नसते. तो रस्ताच तिथलं स्मारक, फक्त ते कुणाला वाचता येत नाही.

भोपाळही याच रीतीनं गेलं. तिथे मदतीच्या इमारती झाल्या.

भोपाळ आणि शिल्प-वास्तुकला यांचा विषय निघाला की आपल्या माणसाचं नाव घ्यायलाच हवं. तळ्याच्या उतारावर बांधलेलं भारत भवन १९८२ साली उघडलं, ते चार्ल्स कोरियांनी रचलेलं. मूळचे गोव्याच्या घराण्यातले, जन्म सिकंदराबादचा. आपली कला अकादमी त्यांचीच. मांडवीकाठची कला अकादमी ज्यानं पाहिली आहे त्याला भारत भवनात शिरल्यावर ओळखीचं वाटतं. इमारत मान वर काढत नाही, पाण्याकडे पायऱ्यांनी उतरत जाते. मध्य प्रदेशचं विधानभवनही कोरियांचंच. म्हणजे वायू सुटण्याच्या तीन वर्षांहूनही कमी काळ आधी या शहरात सरकारनं देशातलं एक उत्तम कलाकेंद्र उभं केलं होतं. कलेची जाण नाही, असं त्या सरकारला कुणी म्हणू शकलं नसतं.

आता मदतीकडे येऊ. मी गेली वीसेक वर्षं सरकारी टेबलाच्या आतल्या बाजूला बसतो, त्यामुळे भोपाळबद्दल वाचताना माझी नजर आधी रकमांवर आणि अटींवर जाते. दुर्घटनेनंतर मृताच्या कुटुंबाला १० हजार रुपये आणि ज्यांचं मासिक उत्पन्न ५०० रुपयांहून कमी त्या बाधित कुटुंबांना १,५०० रुपये असं सानुग्रह अनुदान दिलं गेलं. फुकट रेशन, दूध वाटलं गेलं. १९८५च्या मार्चमध्ये केंद्रानं कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीनं खटला लढवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. फेब्रुवारी १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. १९९० पासून बाधित ठरवलेल्या ३६ वॉर्डांतल्या माणसांना महिना २०० रुपये ‘अंतरिम राहत’ सुरू झाली. दावे तपासून भरपाई द्यायला सुरुवात झाली ती १९९२ नंतर. मृत्यूचे ५,२९५ दावे मंजूर झाले. पीडितांच्या संघटना मृतांचा आकडा वीस हजारांच्या वर सांगतात. सगळे मिळून साडेपाच लाखांहून अधिक लोकांना भरपाई मिळाली, पण बहुतेकांच्या हातात पडले ते २५ हजार रुपये. आणि जी अंतरिम राहत महिन्याला मिळाली होती, ती या भरपाईतून वजा झाली.

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. फाइलीच्या भाषेत त्यात काही चूक नाही. आगाऊ दिलेली रक्कम अंतिम रकमेतून वळती करायची, हा साधा हिशेब. पण ज्याला आपण राहत म्हणालो, ती मग राहत उरली का? ती त्याचीच रक्कम, त्यालाच हप्त्यांनी दिलेली.

‘राहत’ हा शब्द आपल्या मराठीत तसा रुळलेला नाही. मूळ अर्थ आराम, सुटका. मध्य प्रदेशच्या त्या खात्याच्या नावातही तो आहे, ‘भोपाल गैस त्रासदी राहत एवं पुनर्वास विभाग’. आपल्याकडच्या कागदांत येतो तो ‘सानुग्रह’. अनुग्रह म्हणजे कृपा, देवाची किंवा गुरूची. सानुग्रह अनुदान म्हणजे कृपेनं दिलेले पैसे, कायद्यानं देणं लागत नसताना दिलेले. मी स्वतः हा शब्द टिपणीत शेकडो वेळा लिहिला असेन. वादळात माड पडला, आगीत घर गेलं, की सानुग्रह. लिहिताना त्यातली कृपा कधी ऐकू आली नाही. भोपाळच्या लोकांना मात्र ती लवकर ऐकू आली असावी. अब्दुल जब्बार यांच्या संघटनेची, जिच्यात बहुतांश बायकाच होत्या, एक घोषणा प्रसिद्ध आहे: खैरात नहीं, रोज़गार चाहिए. दर शनिवारी यादगार-ए-शाहजहानी पार्कमध्ये या बायकांची सभा भरायची, ती वर्षानुवर्षं भरत राहिली. जब्बार २०१९ साली गेले. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

खैरात नको म्हणणारी माणसं देणाऱ्याच्या शिल्पात हात पसरून उभी राहतील कशी? माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे सापडतं. रूझवेल्टच्या योजनांचं ब्राँझ होऊ शकलं, कारण मंदीला आवर घालणारा म्हणून सरकार तिथे उभं होतं. भोपाळमध्ये तीच सरकारं परवाना देणारी, तपासणी करणारी, पीडितांच्या वतीनं तडजोड करणारी आणि शेवटी मदत वाटणारीही. एकाच माणसानं चारही भूमिका केल्या तर शिल्पकारानं त्याला कुठल्या कपड्यात घडवायचं?

आता ते शिल्प. कारखान्यासमोरच्या रस्त्यापलीकडे जयप्रकाश नगर ही वस्ती आहे, पहिला आणि सगळ्यात मोठा घाव बसलेल्यांपैकी एक. तिथे एक बाई उभी आहे. कडेवर तान्हं मूल, दुसरा हात डोळ्यांवर घेतलेला, आणि मागून तिच्या वस्त्राला धरून आणखी एक पोर. हे शिल्प रूथ वॉटरमन या डच शिल्पकार बाईनं १९८५ साली, दुर्घटनेनंतर वर्षभरातच घडवलं. ज्यू, नाझींच्या वंशसंहाराची सावली ज्यांच्या घरावर पडली त्यांतली. सरकारनं मागवलेलं हे काम नव्हे, लोकांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं. चौथऱ्यावर हिरोशिमा आणि भोपाळ ही दोन नावं शेजारी शेजारी आहेत, आणि आम्हांला जगायचंय, अशी मागणी.

मी काही वर्षांपूर्वी एलटीसी घेऊन सांची-भीमबेटका करायला गेलो होतो, तेव्हा तिथे जाऊन आलो. रिक्षावाल्याला ‘कार्बाइड’ एवढंच सांगितलं, पुरे झालं. शिल्प पाहताना पहिल्यांदा जाणवलं ते हे, की ते फार मोठं नाही. आपल्याला पुतळे पाहायची सवय घोड्यावरच्या, नाहीतर हात वर केलेल्या माणसांची. पणजीच्या जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारियाचा पुतळा आठवून पाहा. मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी १९४५ साली घडवलेला. त्यात दोन माणसं आहेत, संमोहन करणारा पाद्री उभा आणि बाई खाली कोसळलेली. एक शक्ती असलेला, एक शक्ती गेलेली. जयप्रकाश नगरच्या शिल्पात मात्र दुसरा पक्षच नाही. वायू दिसत नाही, कंपनी दिसत नाही, वाचवणारा दिसत नाही. डॉक्टर नाही, पोलीस नाही, रेशनची गोणी घेऊन आलेला कारकून नाही. बाई पळते आहे, आणि जिकडे पळायचं ती दिशा तिला दिसत नाही, कारण तिच्याच हातानं तिचे डोळे झाकलेले आहेत. त्या रात्री वायूनं डोळ्यांची आग होत होती, हे ज्याला माहीत आहे त्याला तो हात लगेच कळतो. ज्याला माहीत नाही त्याला ती रडते आहे असं वाटतं. दोन्ही खरंच.

कलेच्या दृष्टीनं हे शिल्प थोर आहे का? माझं प्रामाणिक मत, नाही. रॉटरडॅमला ओसिप झाडकिनचं युद्धातल्या बॉम्बहल्ल्याचं शिल्प आहे, १९५३चं. छातीपोटाच्या जागी भोक पडलेला माणूस आभाळाकडे हात उचलून उभा. फोटोत पाहिलं तरी अंगावर येतं. त्याच्याशेजारी भोपाळची आई साधी, थोडी बोजड दिसते. पण झाडकिनचं शिल्प शहर पुन्हा उभं राहत असताना आलं, युद्ध संपून आठ वर्षं झाल्यावर. वॉटरमनचं शिल्प आलं तेव्हा भोपाळात माणसं अजून मरत होती. आणि ते कुठल्या चौकात नव्हे, जिथून बाया खरोखर पळाल्या त्या वस्तीच्या तोंडाशी आहे. शिल्प आणि गुन्ह्याची जागा यांच्यात फक्त एक रस्ता. हे भाग्य, भाग्यच म्हणायचं झालं तर, फार थोड्या स्मारकांच्या वाट्याला येतं.

भोपाळची जगाला ठाऊक असलेली दुसरी प्रतिमा फोटोची आहे. मातीत पुरल्या जाणाऱ्या मुलाचा चेहरा आणि त्यावरची माती बाजूला करणारा एक हात. रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही तो क्षण टिपला. त्यातही मदत करणारं कुणी नाही. जो हात आहे तो निरोप घेणारा.

मग सरकारनं स्वतःचं स्मारक करायचा प्रयत्न केला नाही का? केला. २००५ साली मध्य प्रदेश सरकारनं देशपातळीवर वास्तुरचनेची स्पर्धा घेतली. दिल्लीच्या ‘स्पेस मॅटर्स’ या तरुण वास्तुरचनाकारांच्या संस्थेचा आराखडा निवडला गेला. कारखान्याचा गंजलेला सांगाडा जपायचा, त्याच्याभोवती स्मृतिस्थळ करायचं, अशी कल्पना. पुढे खर्चाचा अंदाज शंभर कोटींच्या वर गेला. संघटनांनी विरोध केला. विष अजून जमिनीत आहे, आसपासच्या वस्त्यांचं पाणी नासलेलं आहे, आणि तुम्ही वर बाग करणार? शिवाय ज्यांच्यावर आमचा आरोप आहे त्यांनीच आमचं स्मारक बांधायचं? ते स्मारक आजवर उभं राहिलेलं नाही. कारखान्यात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा १ जानेवारी २०२५च्या रात्री बारा कंटेनरांत भरून पीथमपूरला नेला गेला आणि त्याच वर्षीच्या जूनअखेर तो जाळून संपला. पीथमपूरच्या लोकांनी त्यावर मोठं आंदोलन केलं, आमच्याकडे का म्हणून. चाळीस वर्षांनी कचरा हलला, तोही दुसऱ्याच्या दारात.

आपल्याला गोव्यात हे ऐकून फार परकं वाटू नये. केरीच्या भूतखांब पठारावर नायलॉन ६,६ चा कारखाना येणार होता, तेव्हा भोपाळला जेमतेम दहा वर्षं झाली होती. १९९५च्या जानेवारीत त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला. कारखाना शेवटी तमिळनाडूला गेला. आम्ही तेव्हा शाळेत होतो, आणि ‘गेला एकदाचा’ एवढंच आमच्या घरात बोललं गेलं. कुठे गेला, तिथे कोण राहतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

सरकारी स्मारक रखडलं, तेव्हा लोकांनी स्वतःचं संग्रहालय काढलं. ‘रिमेंबर भोपाळ’ या नावानं २ डिसेंबर २०१४ला ते उघडलं. सरकारचा किंवा कुठल्या कंपनीचा पैसा घ्यायचा नाही, हा नियम. वस्तू सगळ्या पीडितांच्या घरांतून आलेल्या. मुलाचा कपडा, फोटो, रोजच्या वापरातल्या वस्तू. भिंतीवर टेलिफोनचे रिसीव्हर टांगलेले, ते कानाला लावले की त्या घरातल्या माणसाचा आवाज ऐकू येतो. मला ही कल्पना शिल्पापेक्षाही आवडली. सरकारी खिडकीवर माणूस बोलतो आणि आतला ऐकल्यासारखं करतो. इथे रिसीव्हर कानाला लावायचा म्हणजे ऐकणं भाग.

आणि सरकारी मदतीच्या इमारती? त्या आहेतच. वायुपीडितांसाठीची इस्पितळं आहेत. करोंदच्या बाजूला विधवांसाठी बांधलेली सुमारे अडीच हजार घरांची वसाहत आहे. कागदोपत्री तिचं नाव ‘जीवन ज्योती कॉलनी’. सगळं भोपाळ तिला ‘विधवा कॉलनी’ म्हणतं. सरकारनं दिलेलं नाव पाटीवर आणि लोकांनी दिलेलं जिभेवर. त्या घरांतून लहानाच्या मोठ्या झालेल्या मुलांनी शाळेत पत्ता सांगताना यातलं कुठलं नाव सांगितलं असेल, हा विचार तिथून परतताना माझ्या मनात बराच वेळ होता.

एका योजनेचं मात्र खरोखर शिल्प व्हायला हवं होतं. दुर्घटनेनंतर सरकारनं बायकांसाठी कामाची केंद्रं काढली, शिवणाची आणि स्टेशनरी बनवण्याची. स्टेशनरीच्या केंद्रात रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघी कामाला लागल्या. एक मुसलमान, एक हिंदू, दोघींची घरं वायूनं उद्ध्वस्त केलेली. तुटपुंजी मजुरी पाहून त्यांनी १९८६च्या सुमारास संघटना बांधली आणि १९८९ साली बायका-पोरांसह सुमारे साडेसातशे किलोमीटर चालत त्या दिल्लीला पंतप्रधानांकडे अर्ज घेऊन गेल्या. आपल्याकडच्या वारकऱ्याला चालणं नवं नाही, पण ज्यांची फुप्फुसं जळलेली आहेत त्यांनी उन्हाळ्याच्या दिवसांत एवढं चालायचं म्हणजे काय, याचा अंदाज घरात बसून येत नाही. २००४ साली दोघींना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. ती रक्कम त्यांनी वायुपीडितांच्या घरी जन्मलेल्या अपंग मुलांसाठी काढलेल्या ‘चिंगारी’ ट्रस्टला दिली.

माझ्यासारख्या कारकुनाला यातली गंमत, गंमत हा शब्द चुकीचा असेल, चटकन कळते. सरकारनं मदत म्हणून कागदाचं काम दिलं, आणि कागदाच्या कामातूनच बायका सरकारसमोर अर्ज घेऊन उभ्या राहिल्या. देणाऱ्याला हे अपेक्षित नसतं. सानुग्रह घेणाऱ्यानं सही किंवा अंगठा करून घरी जावं, अशी त्या शब्दाची अपेक्षा असते.

७ जून २०१० रोजी भोपाळच्या कोर्टानं कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि लगेच जामीनही दिला. देशभर संताप झाला, आणि त्याच महिन्यात केंद्र सरकारनं आणखी सानुग्रह जाहीर केलं. मृत्यूला १० लाख, कायमच्या अपंगत्वाला ५ लाख, कर्करोग आणि मूत्रपिंड निकामी झालेल्यांना २ लाख, तात्पुरत्या अपंगत्वाला १ लाख, आधी दिलेले पैसे वजा करून. ज्यांची नोंद ‘किरकोळ इजा’ अशी झालेली होती, आणि बहुसंख्य तेच होते, त्यांना काही नाही. वाढीव भरपाईसाठी केंद्रानं केलेली क्युरेटिव्ह याचिका सुप्रीम कोर्टानं मार्च २०२३ मध्ये फेटाळली.

किरकोळ की कायम, हे कुणीतरी एका रकान्यात लिहिलेलं असतं. डॉक्टरनं तपासलं, कारकुनानं उतरवून घेतलं, वरच्यानं सही केली. त्या रकान्यावर पुढची तीस-पस्तीस वर्षं ठरली. सेगलच्या रांगेत मला नेहमी एक गोष्ट खटकते. पाच माणसं उभी आहेत, पण ती ज्याच्यासाठी थांबली आहेत तो आतला माणूस शिल्पात नाही. पाव कापणारा, यादी धरलेला, ‘उद्या या’ म्हणणारा. भोपाळच्या आईच्या बाबतीत तो नसणं बरोबरच आहे, कारण त्या रात्री तो नव्हताच. पण दुसऱ्या दिवसापासून तो होता, आणि चाळीस वर्षं आहे. कारखान्याच्या मोकळ्या झालेल्या जागेवर पुढेमागे स्मारक झालं, आणि कधी माझ्यासारख्याला विचारलं, तर मी सांगेन, बाग थोडी कमी करा, आणि एक खिडकी करा, जाळीची, खाली हात जाईल एवढी फट असलेली. बाहेर रांग दाखवा किंवा नका दाखवू, लोक येऊन उभे राहतीलच. आत एक टेबल, टेबलावर रजिस्टर, आणि मान खाली घालून लिहिणारा एक माणूस.